जॅझचा बॉक्स सेट : पेटी पाहू नका, पुस्तिका वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जॅझच्या बॉक्स सेटवर, म्हणजे एका कलाकाराची किंवा काळाची मुद्रणे पुस्तिकेसह एकत्र देणाऱ्या पेटीवर, आलेल्या लेखाचा एकंदर सूर ‘गुंतवणूक म्हणून उत्तम’ असा होता. मर्यादित आवृत्ती, पेटीवर अनुक्रमांक, १८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्ड. दिवाणखान्यात हे शोभून दिसते यात वाद नाही. पण एवढे पैसे मोजणाऱ्याला आत नेमके काय मिळते, ते ओळखायचे कसे आणि मुंबईच्या हवेत टिकवायचे कसे, याबद्दल लेखात चकार शब्द नव्हता. म्हणून हे पत्र.

रेकॉर्डच्या वजनाचा आवाजाशी फारसा संबंध नसतो. आवाज ठरतो तो कोणत्या टेपवरून काम झाले आणि ते कोणी केले यावर. ही माहिती पेटीवर नसते, पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असते. प्रत्येक सेशनची (मुद्रणाच्या बैठकीची) तारीख, स्टुडिओ, वादकांची नावे, टेक क्रमांक (त्याच रचनेचे कितवे मुद्रण), तो टेक आधी कोणत्या रेकॉर्डवर आला होता आणि या वेळी मूळ टेप वापरली, तिची प्रत वापरली की जुन्या रेकॉर्डवरूनच उतरवले, एवढे तिथे सापडले तर संपादकाने आपले काम केले आहे असे समजावे. नुसतेच ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिले असेल तर पेटी खुशाल परत ठेवावी. मायकेल कस्कुना आणि चार्ली लुरी यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेल्या मोझेक रेकॉर्ड्स या जुने जॅझ पुन्हा काढणाऱ्या कंपनीचे नाव झाले ते याच कामामुळे. त्यांचे सेट ठरावीक प्रतींपुरताच परवाना घेऊन निघतात आणि संपले की संपले. किंमत चढते ती त्यामुळे. पण किंमत चढते म्हणून सेट चांगला, असे उलटे गणित मांडू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘चार सीडींत आठ अल्बम’ छापाच्या स्वस्त पेट्या आहेत. युरोपात ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० झाली, पण १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली मुद्रणे त्याआधीच मुक्त झाली होती. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या हक्कापुरते पाहिले तर पन्नाशीच्या दशकात प्रसिद्ध झालेला जॅझ तिथे कोणीही छापू शकतो. अडचण कायद्याची नाही, स्रोताची आहे. मूळ टेप कंपनीच्या कपाटात असते, त्यामुळे या मंडळींना बहुतेक वेळा बाजारातल्या सीडीवरून किंवा रेकॉर्डवरूनच उतरवून घ्यावे लागते. शिवाय एका सीडीत सुमारे ८० मिनिटेच मावतात. दोन अल्बम मिळून त्याहून लांब झाले की एखादी रचना गुपचूप गळते. म्हणून घेण्यापूर्वी रचनांची यादी मूळ अल्बमशी ताडून पाहावी. ओळख करून घ्यायला या पेट्या चालतील, संग्रह म्हणून नाही.

चांगल्या पुनर्प्रकाशनाने काय साधते, याचा वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या मैफलीइतका बोलका दाखला दुसरा नाही. त्या रात्री त्याच्या वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्व्हिसने सलग २७ आवर्तनांचा सॅक्सोफोन सोलो वाजवला, पण उभा राहिला तो रेकॉर्ड कंपनीच्या माइकसमोर नव्हे, तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकसमोर. कंपनीच्या टेपवर सोलो लांबून आल्यासारखा उतरला. त्या वर्षी निघालेल्या एलपीत बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि टाळ्या वरून चिकटवलेल्या होत्या. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या टेपा सापडल्या. १९९९ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत फिल शाप यांनी दोन्ही मोनो टेपा एकमेकींशी जुळवून एक डावीकडे, एक उजवीकडे बसवली आणि गोन्साल्व्हिस पहिल्यांदा नीट ऐकू आला. याला म्हणतात पुनर्प्रकाशन.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमचेही तसेच. २ मार्च १९५९ च्या सेशनला मुख्य टेप मशीन किंचित मंद चालत होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जरा चढ्या सुरात ऐकू येत. तीसेक वर्षे जगाने त्या तशाच ऐकल्या. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत दुसऱ्या, योग्य वेगाच्या मशीनवरची टेप वापरून ही चूक काढली गेली. तुमच्याकडची प्रत कोणती, हे पाहायचे तर फोनवरचा ट्यूनर पियानोच्या एखाद्या लांबलेल्या सुराला लावून पाहा.

कानाने परीक्षा करायची तर झांजेकडे लक्ष द्यावे. राइड सिंबलवर काठी पडली की ठोक्यामागोमाग तिची कंपने हळूहळू विरतात. खरखर काढण्याची मात्रा जास्त झाली असेल तर ती मध्येच, कापल्यासारखी संपतात आणि डबल बासचा सूर भोवतीच्या खोलीशिवाय, कापसात गुंडाळल्यासारखा येतो. टेपची बारीक सळसळ राहिलेली बरी, ती संगीताच्या आड येत नाही. सूर सुरू होण्याआधी क्षण-दोन क्षण त्याचाच पुसट प्रतिध्वनी आला तर रेकॉर्ड सदोष आहे म्हणून परत करायला धावू नये. टेप गुंडाळलेली राहिल्याने एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते, बऱ्याचदा त्याचा तो परिणाम असतो. 

आता ऐकण्याविषयी. आठ सीडींचा सेट पहिल्या सीडीपासून शेवटच्या सीडीपर्यंत सलग ऐकणे हा त्याचे वाटोळे करण्याचा हमखास मार्ग. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठीच्या मुद्रणांच्या आठ सीडींत एकाच रचनेचे तीन-चार टेक पाठोपाठ येतात, त्यांतले काही तर अर्ध्यातच तुटलेले. गाणी म्हणून ते ऐकायला बसलात तर अर्ध्या तासात कंटाळाल. एका बैठकीला एकच सेशन घ्या. २६ नोव्हेंबर १९४५ च्या सेशनमधला ‘को-को’चा पहिला टेक पाहा. सुरुवातीचा ठरलेला भाग झाल्यावर वादक ‘चेरोकी’ची (ज्या जुन्या गाण्यावर ‘को-को’ बेतले आहे त्याची) मूळ चाल धरतात आणि तिथेच टेक थांबवला जातो. दुसऱ्या टेकमध्ये ती चाल गाळून पार्कर थेट सोलोत शिरतो. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, हे ध्यानात ठेवले की त्या निर्णयाची गंमत कळते. आपल्याकडे तीन मिनिटांत राग बसवणाऱ्या गवयांच्या रेकॉर्ड ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष मैफलींच्या सेटचा न्याय वेगळा. माइल्स डेव्हिसच्या शिकागोतल्या प्लग्ड निकल क्लबमधल्या डिसेंबर १९६५ च्या दोन रात्री आठ सीडींत आहेत. तिथे ‘वॉकिन’ किंवा ‘स्टेला बाय स्टारलाइट’ यांपैकी एक रचना निवडून तेवढीच सगळ्या सीडींतून ओळीने ऐकावी. वादक स्वतःचाच कालचा मार्ग कसा मोडत जातात ते उघड दिसते. पियानोवादक बिल इव्हान्सच्या २५ जून १९६१ च्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या तीन सीडी मात्र क्रमानेच ऐकाव्यात. ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्याच वादनात वीज गेल्याने आवाज तुटतो. संपादकांनी तो टेक तसाच ठेवला, हे योग्यच केले. कॉलेजच्या मुलांनी एकच सेट घ्यायचा म्हटले तर मी हाच सांगेन.

पेटी घरी आली की परत करण्याची मुदत संपण्याआधी ती तपासावी. दोन नंबरच्या तबकड्या दोन आणि तीन नंबरची नाहीच, हा घोळ बांधणीत नेहमी होतो. परदेशातून मागवताना सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर टपालखर्च आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर बसते. वजनदार पेटीला ते चांगलेच जाणवते. वरचे घट्ट प्लास्टिक काढून टाका. ते राहू दिले तर आवळत जाऊन रेकॉर्ड वाकवते आणि पावसाळ्यात आतली ओल कोंडते. सीडी घट्ट पुठ्ठ्याच्या खाचेत असेल तर बोटांनी खेचू नका. खाचेच्या दोन्ही कडा किंचित दाबल्या की ती सैल होते. चित्राची बाजू जास्त नाजूक, कारण परावर्तक थर वार्निशाखाली लगेचच असतो. जुन्या जाड सीडी-केसमध्ये आधाराला घातलेला फोमचा तुकडा दिसला तर आजच काढा. तो काही वर्षांनी विरघळून चिकट होतो आणि तबकडीवर डाग पाडतो. रेकॉर्ड पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत कधीही ठेवू नका, तिच्यातल्या द्रव्याने पृष्ठभागावर धुरकट पुटे चढतात. पॉलिथिनचे पातळ आतले कव्हर चालते.

जून ते सप्टेंबर हा या छंदाचा खरा शत्रू. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटे जागा सोडा. पुस्तिकांचा गुळगुळीत आर्ट पेपर दमट झाला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाई निघून येते. म्हणून आठवड्यातून एकदा पाने चाळावीत आणि कपाटात सिलिका जेल ठेवून रंग बदलला की तापवून पुन्हा वापरावे. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. कसर पळते खरी, पण त्या वाफेने प्लास्टिकच्या केस खराब होतात. रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेच तर ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगहीन लिक्विड साबणाचे दोन थेंब असे मिश्रण करून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसावे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. लेबल कोरडे ठेवावे. नळाचे पाणी वाळले की क्षार खाचेत राहतात आणि कुरकुर आधीपेक्षा वाढते.

आता लेखात नसलेली आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्क-शिकागोच्या एकेका रात्रीचे आठ-आठ सीडींचे सेट आपण मागवतो, पण मुंबईच्या स्वतःच्या जॅझचा असा एकही संपादित सेट सहज घेता येईल असा बाजारात दिसत नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, मग त्यांच्या तालमीत तयार झालेले गोव्याचे वादक. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलाच. यांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्या काळातल्या मुद्रणांची ती अडचण केव्हाच संपली. रचनाकाराचा हक्क वेगळा असतो, तो मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो आणि प्रत्येक चालीपुरता तपासावा लागतो.

काम किचकट आहे, अशक्य नाही. एकाच रेकॉर्डच्या दोन-तीन प्रती मिळवून त्यांतली कमी झिजलेली निवडायची. एलपीची साधारण २५ मायक्रॉनची सुई इथे खाचेच्या तळाशी जाऊन खरखरते, सुमारे ७५ मायक्रॉनची हवी. वेग ७८ च असेल असे धरून चालायचे नाही, पियानोच्या सुरावरून ठरवायचा. १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनीचा खर्ज-तारतेचा तोल वेगळा असे, तोही कानाने जुळवावा लागतो. संगीतसंस्थांनी आणि विद्यापीठाने यात लक्ष घालावे, आणि आपल्या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन वाचकांकडच्या रेकॉर्डची नोंद मागवावी, अशी विनंती आहे.

धोबीतलाव, माझगाव, वांद्रे, गिरगाव इथल्या जुन्या घरांतल्या माळ्यावर अशा रेकॉर्ड निघतात आणि बऱ्याचदा थेट भंगारात जातात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी बुरशीसाठी वर सांगितलेले अल्कोहोलचे मिश्रण या रेकॉर्डना लावू नये. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने विरघळतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, उभ्या ठेवाव्यात, फाटके असले तरी मूळ कागदी कव्हर टाकू नये. मग दोन फोटो काढावेत : एक लेबलचा आणि दुसरा, तिरका उजेड पाडून, लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेल्या अंकांचा. तो मॅट्रिक्स क्रमांक असतो आणि मुद्रण कधीचे, कोणत्या टेकचे, हे पुष्कळदा त्याच्यावरूनच लागते.

आपला,
एक वाचक
माहीम, मुंबई