दगडांच्या आधीची नऊ वचनं

माननीय संपादक,

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी आमच्या कॅथलिक चर्चमध्ये बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातला उतारा वाचतात, तो सुरूच होतो ३१ व्या वचनापासून, म्हणजे यहुद्यांनी येशूला मारायला दगड उचलले तिथून. मग प्रवचनात "कठोर मनाचे यहुदी" हे ठरलेलं येतंच. मी ख्रिस्ती आहे, येशू देव आहे हे मनापासून मानतो, पण हे ऐकलं की राहवत नाही म्हणून लिहितोय.

जरा वर जाऊन २२ आणि २३ वं वचन वाचा. हिवाळा होता, मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण होता आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. हा सण म्हणजे हनुक्का. इ.स.पू. १६७ मध्ये अँटिओकस चौथा या ग्रीक राजाने यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची वेदी बसवली, शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा बंद, सुंता बंद, बाळाची सुंता केली तर आईलासुद्धा ठार मारायचे, आणि हा राजा स्वतःच्या नाण्यांवर "प्रकट झालेला देव" असं कोरून घ्यायचा! मक्काबी नावाच्या यहुदी बंडखोरांनी लढून तीनेक वर्षांनी मंदिर सोडवलं, शुद्ध केलं, त्याचीच ही आठवण. आणि नेमक्या त्याच सणाला, त्याच मंदिरात एक माणूस म्हणतो, मी आणि पिता एक आहोत. लोक भडकणार नाहीत तर काय होईल? कारणही त्यांनी तोंडावर सांगितलंय, तू माणूस असून स्वतःला देव करतोस. येशूनेही त्यांना हाकलून नाही दिलं, त्यांच्याच ८२ व्या स्तोत्रातलं वचन काढून वाद घातला, घरातल्या माणसांशी घालतात तसा.

देव एकच, ही त्या लोकांची जीव गेला तरी न सोडायची गोष्ट होती. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी बघा, अलिबागकडे ज्यांना शनवार तेली (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणायचे, मराठी बोलणारी माणसं. त्यांच्यात सांगतात की बाकी प्रार्थना विसरल्या पण शमा राहिली, "हे इस्राएला ऐक, परमेश्वर एकच आहे". दगड उचलणाऱ्यांच्या ओठी पण हीच प्रार्थना होती.

आणि कठोरपणाचंच म्हणाल तर १५५३ मध्ये जिनिव्हात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारलं म्हणून सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाला जिवंत जाळलं ते ख्रिस्ती लोकांनीच. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकू नका हे आमच्याच कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ लाच लिहून दिलंय, तरी प्रवचनात अजून जुनंच चालू आहे याचं खूप वाईट वाटतं.

आमच्या धर्मगुरूंना कळकळीची विनंती, त्या शुक्रवारी प्रवचन सुरू करताना २२ ते ३० ही वचनं आधी वाचून दाखवा आणि हनुक्का कशाचा सण आहे ते दोन मिनिटं सांगा.

एक वाचक, वसई