नऊ टायटलं कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या स्पोर्ट्सच्या पानावर गोव्याला फुटबॉल लीगचा दुष्काळ अशा थाटाचा लेख आला, सोबत चँपियन टीमांचं टेबल, आणि ते टेबल सुरू कुठून तर २०१४ पासून. वाचून डोकंच फिरलं. एफसी गोवाने आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, कप अजून उचललेला नाही हे मान्य, २०१५ च्या फायनलला तर मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपल्याच लोकांसमोर २-१ ने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत चेन्नईयिनला मॅच देऊन टाकली, ते आठवलं की अजून जेवण जात नाही. पण म्हणून गोव्याने देशाची लीग जिंकलेलीच नाही?

नॅशनल फुटबॉल लीग १९९६ ला सुरू झाली. पहिली चँपियन फगवाड्याची जेसीटी, स्ट्रायकर बायचुंग भुतिया तेव्हा त्यांच्याकडे होता, आणि दुसऱ्या नंबरवर कोण तर आपलं चर्चिल ब्रदर्स. म्हणजे पहिल्या सीझनपासून गोवा शर्यतीत. १९९८-९९ ला गोव्याच्याच साळगावकर क्लबने ती जिंकली, मग २००४-०५ आणि २००६-०७ आपलाच धेंपो क्लब. २००७ ला देशाच्या फुटबॉल फेडरेशनने नाव बदलून आय-लीग केलं आणि त्यानंतरचे पहिले सहा सीझन, परत सांगतो सहाच्या सहा, गोव्यात आले. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. २००७-०८ ला तर धेंपो आणि चर्चिल सारख्याच पॉइंटवर संपले, म्हणजे कोलकात्याची मोठी नावं बाजूला बसली आणि भांडण घरातल्या घरात. एकूण हिशोब केला तर १९९८-९९ ते २०१२-१३ या पंधरा सीझनमध्ये नऊ टायटलं गोव्याची, त्यातली पाच एकट्या धेंपोची. दुकानाची पाटी बदलली म्हणून जुनी खातेवही फेकून देतात का?

२००४-०५ चं थोडं जास्त लिहितो कारण आजच्या पोरांना ते कोणी सांगतच नाही. डिसेंबर २००४, बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझीलचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलकीपरला धडकला, खाली पडला तो उठलाच नाही. धेंपो ती फायनल जिंकली पण असल्या जिंकण्याला काय अर्थ. त्याचा १० नंबर क्लबने रिटायर केला, आणि तीच टीम कोच आर्मांदो कुलासोच्या हाताखाली पुढे त्याच सीझनला लीग जिंकून आली, दुसऱ्या नंबरवर आपलंच स्पोर्टिंग क्लब. हे सगळं तुमच्या टेबलात शून्य. धेंपोच्या रँटी मार्टिन्सचे २०११-१२ मधले एका सीझनचे ३२ गोल, तेही शून्य.

आता कोणी म्हणेल तेव्हा मॅच बघायला कुत्रं नसायचं. बरोबर आहे, मी नाकारत नाही. दुपारी उन्हात मॅच ठेवायचे, टीव्हीवर दिसली तर दिसली, चँपियन टीम खेळतेय आणि स्टँडमधल्या एका ओळीत आम्ही फोंड्याचे चारपाच जण, कोच काय ओरडतो ते शब्द न् शब्द ऐकू यायचं. बाहेर ऑम्लेटवाल्याकडे आतल्यापेक्षा जास्त गर्दी. (आम्हाला गावात ऐकवायचे की फुटबॉल हे मडगावकडच्या सासष्टीवाल्यांचं काम, तुम्ही आपली नाटकं बघा. भारताचा गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर कोण होता मग?) आयएसएलने लाइट्स आणले, चांगलं टेलिकास्ट आणलं, फातोर्डा नारिंगी झालं, आमच्या घरातल्या मुलीसुद्धा मॅचला यायला लागल्या, याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण गर्दी वेगळी आणि रेकॉर्ड वेगळं.

आणि रेकॉर्डच काढायचं तर नीट काढा ना. आयएसएल २०१४ ला सुरू झाली तेव्हा ती देशाची पहिली लीग नव्हतीच, आशियाच्या चँपियन्स लीगसाठी नाव आय-लीगच्या चँपियनचं जायचं. आयएसएलला देशाची पहिली लीग करायचा रोडमॅप एएफसीने, म्हणजे आशियाच्या फुटबॉल संघटनेने, पास केला तो ऑक्टोबर २०१९ ला. त्यानंतर २०१९-२० ची आयएसएलची लीग शील्ड, म्हणजे पॉइंट टेबलात पहिल्या नंबरचं बक्षीस, कोणी जिंकली? एफसी गोवाने. त्याच जोरावर २०२१ ला चँपियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून फातोर्ड्यातच उतरलो आणि कतारच्या अल रयानला ०-० ने रोखलं, कोविडमुळे आत सोडलं नाही म्हणून घरी टीव्हीसमोर बसून ओरडलो. म्हणजे तुमचाच नियम लावला तरी दुष्काळ कुठे आहे?

या सगळ्या भानगडीत आपल्या क्लबांचं काय झालं ते मात्र छापा. २०१६ ला फेडरेशनचा नवीन प्लॅन आला, त्यात आय-लीग खाली ढकलायची आणि आयएसएल वर. त्या रागात साळगावकर आणि स्पोर्टिंग बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. धेंपोला खालच्या लीगमधून वर चढून आय-लीगमध्ये परत यायला २०२४ उजाडलं. चर्चिल राहिलं लढत, तर २०२५ च्या एप्रिलमध्ये फेडरेशनने त्यांना आय-लीगचं चँपियन जाहीर केलं आणि जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने टायटल उचलून इंटर काशी क्लबला दिलं, पॉइंट कापाकापीचं प्रकरण होतं. त्याच जुलैत आयएसएलचा पुढचा सीझनही लटकला, कारण फेडरेशन आणि आयोजक कंपनीचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवीन झालाच नव्हता. ज्या लीगसाठी आपले तीन क्लब घरी बसले तिचीच ही गत, यावर एक तरी अग्रलेख यायला हवा होता.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या वेळी चँपियनचं टेबल छापाल तेव्हा पहिली ओळ १९९६-९७ जेसीटी अशी येऊ दे, आणि १९९८-९९ च्या समोर साळगावकरचं नाव ठळक टाइपात, कारण देशाची लीग गोव्यात आणणारा तो पहिला क्लब.

आपला,
एक जुना वाचक, फोंडा