सगळेच ‘ली’ चिनी नव्हेत

महोदय,

बॅडमिंटनच्या बातम्यांत ‘ली’ दिसला की खेळाडू चिनी, असे सर्रास धरले जाते. मलेशियाचा ली चोंग वेई, चीनची ली श्वेरुई आणि दक्षिण कोरियाचा ली योंग-दे यांचे आडनाव मूळ एकाच चिनी अक्षराचे. अर्थ आलुबुखाराचे झाड. पण दक्षिण कोरियात त्याचा उच्चार ‘ई’ होतो, उत्तर कोरियात ‘री’! कोरियावर १३९२ ते १९१० राज्य करणारे जोसन घराणे याच आडनावाचे. अमेरिकी सेनापती रॉबर्ट ली यांचा मात्र याच्याशी काडीचाही संबंध नाही. ते इंग्रजी आडनाव रानातल्या मोकळ्या जागेवरून आले. क्रीडा पानावर खेळाडूच्या नावापुढे देश जरूर छापा आणि कोरियन नावे कोरियन उच्चारानेच लिहा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा