चित्राखालचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना आधार देणाऱ्या कलावंतांवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. असा विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या. जागेची अडचण मी समजू शकतो. पण सोबत तेरेझीनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छावणीतले एक चित्र छापले आहे आणि खाली ओळ आहे : ‘अज्ञात मुलाने काढलेले चित्र’. त्यातल्या ‘अज्ञात’ या शब्दासाठी हे पत्र.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे फ्रीडल मला आमच्याच बिरादरीतल्या, म्हणजे चित्रकलेच्या बाई वाटतात. जन्म व्हिएन्नाचा, १८९८ चा. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला. बाउहाउस या जर्मनीतल्या नामांकित कलाशाळेत शिक्षण. पुढे त्या प्रागला आल्या, पावेल ब्रांडाइस यांच्याशी लग्न झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी दोघांना तेरेझीनला धाडले. माणशी ५० किलो सामान नेता येत होते. बाईंनी त्यात रंग आणि कागद भरले. आपल्याला नेतात तिथे मुले असणार, हे त्यांनी आधीच धरले होते.

मुलांना आसरा देणे त्यांच्या हातात नव्हते, त्या स्वतःच कैदी होत्या. मुले आईबापांपासून वेगळी, मजल्यामजल्यांच्या फळ्यांवर दाटीवाटीने झोपायची. शाळा भरवायला बंदी होती, चित्रकलेकडे मात्र काणाडोळा व्हायचा. त्या फटीतून बाईंनी वर्ग सुरू केला. ठेका देऊन रेघा ओढून घ्यायच्या. जुन्या चित्रकारांची चित्रे समोर ठेवून त्यांतले रंग आणि आकार शोधायला लावायच्या. कागद संपले की कचेरीतले वापरलेले फॉर्म. आपल्या भाषेत पाठकोरे कागद! त्यांवर मुलांनी फुलदाण्या काढल्या, फुलपाखरे, घराची खिडकी काढली, आणि फळ्यांचे पलंग व जेवणाची रांगसुद्धा.

आणि प्रत्येक चित्रावर नाव घालायचे, हा बाईंचा आग्रह. छावणीच्या दप्तरात मूल म्हणजे ट्रान्सपोर्टचा, म्हणजे कैदी नेणाऱ्या गाडीचा, क्रमांक. बाईंच्या वर्गात त्याला नाव होते आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे होते. कित्येक चित्रांवर वय आणि खोलीही लिहिलेली आहे.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस पावेलना ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीकडे नेले. बाईंनी पुढच्या गाडीच्या यादीत आपण होऊन नाव घातले. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या आणि तिथे पोहोचताच मारल्या गेल्या. पावेल युद्धातून वाचले. जाण्यापूर्वी बाईंनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. युद्ध संपल्यावर त्या सुटकेस प्रागला पोहोचल्या आणि आज ही चित्रे तिथल्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. ती काढणाऱ्या सुमारे ६६० मुलांपैकी ५५० मारली गेली. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण चित्रांवर नावे होती.

मला हे एवढे का लागले, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी बालदिनाच्या एका विशेष पानावर माझ्या शाळेतल्या सहावीच्या मुलीचे चित्र छापून आले होते. विहिरीचा रहाट आणि पाण्यात पडलेले आभाळ. खाली लिहिले होते ‘ग्रामीण भागातील एका विद्यार्थिनीचे चित्र’. मागे चिकटवलेली नावाची चिठ्ठी कुठेतरी गळून पडली असणार. सकाळी ती कात्रण घेऊन वर्गात आली. रडली नाही. फक्त विचारले, “सर, माझं नाव कुठाय?” मी म्हणालो, “अगं, छापायचं राहिलं असेल.” तिने कंपासपेटीतून पेन काढले आणि कात्रणावर, आभाळाच्या अगदी वरच्या कडेला, स्वतःचे नाव लिहिले. तेव्हापासून माझ्या वर्गात चित्राच्या मागे चिठ्ठी लावणे बंद झाले. नाव पुढे, चित्रातच.

याच तेरेझीनमध्ये पेत्र गिन्झ नावाचा मुलगा होता. त्याने चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे चित्र काढले. सोळाव्या वर्षी तो ऑशविट्झमध्ये मारला गेला. २००३ मध्ये इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन यांनी त्या चित्राची प्रत कोलंबिया यानातून सोबत नेली. आपल्या कल्पना चावला त्याच यानात होत्या. यान कोसळले १ फेब्रुवारीला, आणि पेत्रचा जन्मदिवसही १ फेब्रुवारीच. त्या चित्राबद्दल बोलताना जगभर ‘पेत्र गिन्झचे चित्र’ असेच म्हणतात.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या मुलांच्या पानावर येणाऱ्या प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव आणि इयत्ता छापावी. जागा कमी असेल तर चित्र चार ओळींनी लहान करा, पण नाव गाळू नका.

दुसरी विनंती त्या रविवारच्या चित्राबद्दल. उजव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची अक्षरे आहेत. मी भिंग घेऊन उन्हात बसलो. पहिली तीन अक्षरे लागली, पुढची छपाईत पुसट झाली आहेत. आपल्याकडे मूळ फाइल असेल. कृपया कोणाला तरी ती मोठी करून बघायला सांगा आणि येत्या रविवारी ते नाव छापा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
जि. सातारा