दहा सामने, आठ पराभव

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की दहापैकी आठ सामने हरलेल्या संघातल्या मुलाला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलंच कसं? मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि त्यानं तुमचं समाधान झालं नाही. प्रश्न रास्त होता, म्हणून आज नीट लिहिते.

हा १९५६ चा नोटर डेमचा संघ, आणि तो मुलगा म्हणजे पॉल हॉर्नुंग. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावचं हे कॅथलिक विद्यापीठ. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा. तुम्हाला कबड्डीच्या भाषेत सांगितलं की लगेच कळेल. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू घेऊन पळणारा म्हणजे चढाई करणारा, त्याला जमिनीवर आणलं की पकड झाली. दम घुमवायचा नाही. त्याऐवजी चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात १० यार्ड पुढे सरकावं लागतं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. म्हणून तीन प्रयत्न फसले की चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून देतात, निदान समोरच्यांना दूरवरून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. शेवटच्या रेषेपार गेलात की टचडाऊन, ६ गुण. त्यानंतर किक बसली की वर १.

आता मुख्य गोष्ट. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघानं गुण मिळवला की परत आत येतो. १९५६ च्या फुटबॉलमध्ये उलटी अडचण होती. युद्धाच्या काळात, १९४१ पासून, हवे तेवढे खेळाडू बदलायची मुभा होती. त्यातून आक्रमणाला एक अकरा आणि बचावाला दुसरे अकरा अशी पद्धत आली. १९५३ मध्ये नियम फिरवला. एकदा बाहेर आलेल्याला त्याच क्वार्टरमध्ये परत पाठवण्यावर कडक बंधन आलं. मग तीच मुलं आक्रमणालाही आणि बचावालाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. अशा नियमात संघाची ताकद पहिल्या अकरांत दिसत नाही, बाराव्यापासून बाविसाव्यापर्यंतच्या मुलांत दिसते. पहिले अकरा दमले की आत पाठवायला कोण आहे, एवढाच प्रश्न उरतो.

युद्ध संपल्यावर नोटर डेमकडे याचं उत्तर भरपूर होतं. सैन्यातून परतलेली, वयानं आणि अंगानं मोठी झालेली मुलं होती आणि फ्रँक लेही प्रशिक्षक होते. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत ते एकही सामना हरले नाहीत. १९५३ च्या हंगामानंतर लेही गेले आणि त्यांच्याच हाताखाली खेळलेला टेरी ब्रेनन पंचविसाव्या वर्षी प्रशिक्षक झाला. पहिल्या वर्षी ९ विजय, दुसऱ्या वर्षी ८. पण आतून संघ झिजत होता. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर हेस्बर्ग यांना अभ्यासाचा दर्जा वर न्यायचा होता, त्यांनी फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या कमी केल्या. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण शिष्यवृत्ती आज कापली तर तिचा फटका दोन-तीन वर्षांनी मैदानावर बसतो, तोही राखीव बाकावर आधी. त्यातून पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे दुसऱ्या वर्षाचं पोर मोठ्या सामन्यात उतरायचं तेव्हा तो त्याचा आयुष्यातला पहिलाच असायचा, आणि १९५६ मध्ये अशी बरीच पोरं एकदम उतरवावी लागली.

सलग तीन आठवड्यांचे आकडे बघा. मिशिगन स्टेटकडून १४–४७, ओक्लाहोमाकडून ०–४०, नेव्हीकडून ७–३३. तीन सामन्यांत १२० गुण दिले आणि मिळवले २१. पहिले दोन तर घरच्या मैदानावर.

ओक्लाहोमाचा तो सामना नेमका हातातून का गेला ते समजावते, कारण सगळा हंगाम त्यात दिसतो. त्यांचे प्रशिक्षक बड विल्किन्सन ‘स्प्लिट-टी’ खेळवत. ही रचना मिसूरीच्या डॉन फॉरॉट यांची, विल्किन्सन ती युद्धकाळात नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांच्याकडूनच शिकले. पुढच्या रांगेतले गडी जरा लांब-लांब उभे करायचे, म्हणजे बचावाची भिंतही आपोआप ताणली जाते आणि मध्ये फटी पडतात. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या गड्याच्या हातात येतो. तो मागे जात नाही, रांगेला समांतर कडेला सरकतो. बचावातल्या टोकाच्या गड्याला मुद्दाम कोणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर धावून आला, तर चेंडू बाहेरून पळणाऱ्या साथीदाराकडे अलगद फेकायचा. तो बाहेरच्यावर लक्ष ठेवून थांबला, तर चेंडू स्वतःकडे ठेवून आत घुसायचं. म्हणजे टोकाचा गडी काहीही करो, चूक त्याचीच.

यावर इलाज एकच. टोकाच्या गड्यानं धीर धरायचा, पाय रोवून अर्धं पाऊल थांबायचं आणि आतल्या सोबत्याला पोहोचायला वेळ द्यायचा. बाबा, कोपऱ्यात उभा असलेला कच्चा गडी चढाईवाल्याच्या हुलकावणीला भुलून आधीच झेप घेतो, तसंच हे. अननुभवी पोरगं चेंडूकडे बघतं आणि धावतं. दमलेल्याचं मन थांब म्हणतं, पण पाय उशिरा वळतात. नोटर डेमकडे अननुभवी होते आणि दमलेलेही होते.

आणि एकदा मागे पडलात की दुसरं दुष्टचक्र सुरू होतं. पळून चार-चार यार्ड कमावायला वेळ उरत नाही, चेंडू लांब फेकावा लागतो. तो फेकणार हे समोरच्यांना ठाऊक असतं, ते मागे सरकून वाट बघतात. पॉल हॉर्नुंग हा नोटर डेमचा क्वार्टरबॅक. त्यानं त्या हंगामात १११ वेळा चेंडू फेकला. ५९ फेकी साथीदारांनी झेलल्या, ९१७ यार्ड मिळाले, पण टचडाऊन ३ च, आणि १३ वेळा चेंडू समोरच्यांनी झेलला. हे काही चांगल्या क्वार्टरबॅकचे आकडे नव्हेत. त्याच्या काही फेकी घाईच्या होत्या हेही खरं.

मग मान कशाचा? तर बाकी सगळ्याचा. संघात पळून सर्वांत जास्त यार्ड त्याचेच, ४२०. फेकून आणि पळून मिळून १,३३७, देशात दुसरा. संघात सर्वांत जास्त गुण त्याचे, ५६. टचडाऊननंतरची किक तो मारायचा, पंट तो करायचा, समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू घेऊन परत तोच पळायचा, आणि बचावाची पाळी आली की सर्वांत मागे उभा राहून शेवटची पकड करायलाही तोच. क्रिकेटमध्ये सलामीला येऊन, दोन्ही टोकांनी गोलंदाजी करून वर यष्टिरक्षणही केल्यासारखं.

आई, तू विचारलं होतंस ना, चेंडू नारळासारखा टोकदार का दिसतो? तो हातात बसावा, फिरत लांब जावा म्हणून. पण तोच क्वार्टरबॅकच्या बोटांचा वैरी. पुढे वाकलेला मधला गडी पायांमधून चेंडू मागे देतो, तो तळव्यांवर थाडकन आदळतो, आणि दोन्ही अंगठे जोडून धरलेले असतात. सगळा मार अंगठ्यांवर. हंगामाच्या शेवटी हॉर्नुंगचे दोन्ही अंगठे दुखावले होते. म्हणून लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याला हाफबॅकच्या, म्हणजे मागून चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या जागी खेळवलं. तिथे चेंडू पोटाशी कवटाळता येतो. त्या सामन्यात त्यानं किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू घेऊन ९५ यार्ड पळत टचडाऊन केला. संघ २०–२८ असा हरला.

देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हा मान म्हणजे हाइसमन पुरस्कार. त्याच्या मतदानात पहिल्या पसंतीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला १. हॉर्नुंगला १,०६६ गुण, टेनेसीच्या जॉनी मेजर्सला ९९४, ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनाल्डला ९७३. पहिल्या पसंतीची मतं मॅकडोनाल्डलाच जास्त होती, २०५ विरुद्ध १९७. पण ओक्लाहोमाचाच जेरी टब्स चौथा आला, म्हणजे घरातलीच मतं फुटली. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूनं हा पुरस्कार जिंकल्याचं आजवरचं हे एकमेव उदाहरण.

माझं प्रामाणिक मत विचाराल, तर तो सिरॅक्यूजच्या जिम ब्राउनला मिळायला हवा होता. आठ सामन्यांत ९८६ यार्ड, कोलगेटविरुद्ध एकट्याचे ४३ गुण, आणि तो आला पाचवा. तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हाइसमन मिळालं नव्हतं, हे विसरून ते मतदान वाचता येत नाही. याचा दोष हॉर्नुंगवर नाही. त्याचं काम खरंच होतं.

पुढच्याच वर्षीचं सांगायचं राहिलं. १६ नोव्हेंबर १९५७, नॉर्मन, ओक्लाहोमाचं घरचं मैदान. ते सलग ४७ सामने जिंकून उतरले होते. हॉर्नुंग तेव्हा ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडे गेलेला. आदल्या वर्षी ०–४० नं मार खाल्लेली दुसऱ्या वर्षाची पोरं आता तिसऱ्या वर्षात होती. शेवटची चारेक मिनिटं, गुणफलक ०–०, चौथा प्रयत्न, तीन यार्ड बाकी. क्वार्टरबॅक बॉब विल्यम्सनं मधून घुसणाऱ्या निक पिएट्रोसँटेला चेंडू दिल्याचा आव आणला, बचाव आत गोळा झाला, आणि त्यानं चेंडू बाहेर डिक लिंचकडे टाकला. लिंच उजव्या टोकावरून मोकळा आत गेला. किकही बसली. ७–०.

एक वर्षानं, १९५८ च्या डिसेंबरमध्ये, ६ विजय आणि ४ पराभवांनंतर ब्रेननला काढलं. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. हे मला आजही पटत नाही.

बाबा, पुढच्या रविवारी फोनवर स्प्लिट-टीबद्दल काय वाटलं ते सांगा. आई, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुमची लेक