मागे खोली काढताना माजघर अंधारात जातं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमगा उरकला की कोकणात जुन्या चिऱ्याच्या घरांची कामं निघतात. मागे स्लॅबची खोली काढायची, न्हाणीघर आत घ्यायचं, हा ठरलेला बेत. मग माजघराची एकुलती खिडकी नव्या खोलीत उघडते आणि भरदुपारी बटण दाबावं लागतं.

जागा असेल तर जुनी भिंत आणि नवी खोली यांच्यामध्ये चार-पाच फुटांचा उघडा चौक सोडावा, जायला-यायला एका कडेने पडवी. जुन्या छपराच्या पागोळ्या चौकातच पडणार, म्हणून त्याची जमीन जोत्यापेक्षा फूटभर खाली घ्यावी आणि पाण्याला सहा इंची पाइप द्यावा. चार इंची पाइप पानांनी तुंबतो, मग पाणी जोत्यात मुरतं.

चौक जमत नसेल तर लोक भिंत फोडून सहा फुटी सरकती खिडकी बसवतात. चिरे मातीत बांधलेले असतील तर हे धोक्याचं. वाशांचा भार त्याच भिंतीवर असतो आणि मातीचा सांधा ताण घेत नाही. खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करावी. उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट आत पोचतो. माथा सात फुटांवर असेल तर चौदा फूट. कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडावेत. आधी वाशांना टेकू द्यावेत, लिंटेल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची भार पेलणारी आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना नऊ इंच भिंतीवर टेकवावं आणि ते पक्कं झाल्यावरच खालचे चिरे काढावेत. घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो.

सगळ्यात स्वस्त उजेड छपरातून येतो. बारा बाय पंधराच्या माजघराला काचेची सहा-आठ कौलं दिवसाच्या वावराला पुरतात. ती उत्तरेकडच्या पाख्यावर, आढ्याजवळ, एकाआड एक बसवावीत. दक्षिणेला बसवली तर थंडीतलं कलतं ऊनही थेट आत येतं. माडाखाली तर नकोतच. दुकानात जाताना घरचं एक जुनं कौल सोबत न्यावं. साचा वेगळा असला की खाचा जुळत नाहीत आणि पहिल्याच पावसात तिथून गळतं. प्लास्टिकची कौलं हलकी, पण काही वर्षांत पिवळी पडतात.

खाली माळा असेल तर सगळा उजेड माळ्यावरच राहतो, हे मात्र बहुतेकांच्या कौलं बसवून झाल्यावर लक्षात येतं! फळ्यांना कौलांच्या बरोबर खाली दोन बाय तीन फुटांचं भोक पाडावं. त्यासाठी तुळई किंवा कडी कापू नये, भोक दोन कड्यांमध्येच बसवावं. कौलांपासून भोकापर्यंत चारही बाजूंनी फळ्या ठोकून आतून पांढरा रंग द्यावा.

पावसात काचेवर शेवाळ धरतं, ते गणपतीआधी एकदा पुसावं. आणि दोन कौलं जादा आणून ठेवावीत. वानरांना कोणतं कौल काचेचं, हे कळत नाही.

आपला,
एक वाचक, चिपळूण