चिलटांचं घड्याळ आणि रात्रीची मोटार

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
१८ मे

ती. नाना आणि माय यांस सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर नानांचे लाल झालेले डोळे पाहिले आणि नंतर कामात लक्ष लागेना. दादा म्हणाला, या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे, नाना बाराला बागेत जातात ते पहाटे चारला परततात. मे महिन्यात रावेरच्या उन्हात केळीला तहानलेलं ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण मी इथे ज्या गोष्टीचा अभ्यास करते, तीच तुमच्या शरीरात रोज रात्री विस्कटते आहे. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते.

माय, तू मागे विचारलं होतंस, "चिलटं मोजाचे पैसे देता का तुले तिकडे?" हो, देतात. वखारीत पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, तीच ही लाल डोळ्यांची बारीक चिलटं. इथे ती काचेच्या नळ्यांत वाढवतात. कोशातून चिलट बाहेर पडतं ते पहाटेच्या सुमारास, आणि कायमच्या अंधारात ठेवलं तरी ती वेळ साधारण पाळतं. म्हणजे घड्याळ आतच असतं.

१९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का नावाचा विद्यार्थी आणि त्याचे गुरू सेमोर बेंझर यांना तीन निराळी वाणं सापडली. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला वेळेचं भानच नाही. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकाचं नाव 'पिरियड'. पुढे १९८४ मध्ये इथे ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकेल रोसबॅश यांनी, आणि न्यूयॉर्कला मायकेल यंग यांनी ते जनुक वेगळं काढलं. या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. बेंझर २००७ मध्ये गेले होते, कोनोप्का २०१५ मध्ये. मी रोज नळ्या उजेडात धरते तेव्हा मला कोनोप्काच आठवतो. वागण्याची वेळ एका जनुकावरून ठरते हे पटायला तेव्हा जड होतं, आणि तो चिलटं कधी बाहेर येतात तेवढं बघत बसला.

नाना, हे घड्याळ चालतं कसं, ते तुमच्या टाकीवरून सांगते. पेशी 'पिरियड' जनुकावरून 'पर' नावाचं प्रथिन बनवते. रात्रभर ते साठत जातं. पुरेसं साठलं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, जशी टाकी भरल्यावर तरंगता गोळा वर येऊन पाणी बंद करतो. मग दिवसा ते प्रथिन मोडत जातं, टाकी रिकामी होते, जनुक पुन्हा चालू. पण टाकी तर दोन-चार तासांत भरायला हवी, चोवीस तास कसे लागतात? यंग यांना आणखी एक जनुक सापडलं, 'डबलटाइम'. ते या टाकीला बारीक गळती लावतं. भरता भरता थोडं वाहून जातं, म्हणून वेळ लागतो. मला तर या सगळ्यात ही गळतीच सगळ्यात सुंदर वाटते.

माणसातही हीच जनुकं थोड्या फरकाने आहेत. २००१ साली अमेरिकेतल्या एका कुटुंबात 'पर २' जनुकातला बदल सापडला. त्या घरातले लोक संध्याकाळी साडेसात-आठलाच झोपत आणि पहाटे साडेचारला जागे होत. वाचताना आजी आठवली, दिवेलागणीला डोळे मिटणारी आणि कोंबडं आरवायच्या आत उठून बसणारी.

आता मुख्य गोष्ट. मेंदूतलं मोठं घड्याळ डोळ्यांत येणाऱ्या उजेडावर लागतं. यकृतातलं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेवर सरकतं. तुम्ही पहाटे चारला येऊन कळण्याची भाकरी खाता तेव्हा मेंदू म्हणतो रात्र आहे आणि यकृत म्हणतं दिवस उगवला. रात्रपाळी करणाऱ्यांत साखरेचा आजार जास्त दिसतो, आणि तुम्हाला साखर आहेच. म्हणून पोटभर जेवण रात्री आठच्या आत घ्या. मात्र गोळ्यांच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, रात्री साखर उतरायला नको. पहाटे परतलात की उजेडात अंगणात बसू नका. माय, खिडकीला जाड चादर लाव आणि नऊ-दहापर्यंत कोणालाही त्यांना उठवू देऊ नकोस, सोसायटीचा माणूस आला तरी.

आणि दादा, भुसावळला तुझी पाळी दर दोन-तीन दिवसांनी बदलते, ती तुझ्या हातात नाही. पण नाना दोन रात्री गेले तर तिसरी रात्र सुट्टीच्या दिवशी तू घे. बागेसाठी दिवसाची लाईट मागायला तालुक्याला लोक जातात, त्यांच्यासोबतही जा. झोपेचं कारण तिथे बोलून दाखव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्याकडे रात्रीचे अडीच होतात तेव्हा इथे संध्याकाळचे पाच असतात. मी नळ्या मोजत असते आणि नाना बॅटरी घेऊन बांधावर असतात. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची, ते दादाने रविवारी कळवावं. रात्रीची असेल तर पाचला मी काम थांबवून फोन करीन. बांधावर तेवढंच कोणीतरी बोलायला.

तुमची,
बेबी